डाव्या बाजूची हिरवी पट्टी

४ मार्च, मंगळवार

सायकल-मोजणी पार पडली. दुसरं कुणी म्हणणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवते: शाब्बास, ग्लेंडा!

कॉर्बेट रोडवरून सकाळी किती सायकली जातात ते कौन्सिल वर्षातून एकदा मोजतं. मोजायला उभी राहणारी माणसं आमच्या मंडळाने द्यायची. मंडळ म्हणजे काय, सायकलने कामावर जाणारे आम्ही तीसेक जण. दरवर्षी रडतखडत पाच-सहा टाळकी जमतात. या खेपेला मी कंबर कसली. एकेकाला फोन केला. कुरकुर करणाऱ्यांना लॅमिंग्टन केकची लाच दिली. आणि झाडून सगळे आले! पिवळी जाकिटं घालून प्रत्येक कोपऱ्यावर दोन-दोन, तीन-तीन जण. मीसुद्धा कामावरची पाळी बदलून घेतली होती. आमचा सेक्रेटरी अलास्टर शाळेत भूगोल शिकवतो. तो म्हणाला, "ग्लेंडा, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा. प्रचार माझ्याकडे लागला."

"आधी केक खा, मग भाषण कर," मी म्हटलं.

रस्ता मात्र आज जरा सुनासुना वाटला. आभाळ आलं होतं, त्यामुळे असेल.

हा सगळा खटाटोप हिरव्या पट्टीसाठी. रस्त्याच्या डाव्या कडेला सायकलींसाठी रंगवलेली ती पट्टी माझ्या दारापासून थेट हॉस्पिटलपर्यंत जाते. तिथल्या स्वयंपाकघरात मी रुग्णांच्या नाश्त्याचे ट्रे लावते. पहिली बस येईपर्यंत निम्मा नाश्ता वाढून झालेला असतो. आणि गाडीचा परवाना डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच काढून घेतला, कारण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं मला धूसर दिसतं. सायकलला परवाना लागत नाही. कुणी विचारतही नाही. शिवाय पट्टीत माझ्या डाव्या हाताला नुसती फुटपाथची कड असते, जे काही येतं-जातं ते उजवीकडून. जणू माझे डोळे तपासूनच कुणी ती आखली.

केरिनचं, माझ्या लेकीचं, दर रविवारी फोनवर एकच टुमणं. "आई, पुरे झालं. बॅलरॅटला माझ्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे." मागच्या खोलीत बसून मी काय करू, भिंती मोजू? सायकल आहे तोवर नोकरी, नोकरी आहे तोवर हे घर. इतकं सरळ आहे ते.

१० एप्रिल, गुरुवार

कपाळ माझं!

मोजणीचा निकाल आला. कॉर्बेट रोडवरच्या सायकली गेल्या वर्षापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने घटल्या. तेव्हा पट्टीची गरज उरलेली नाही. ती जागा गोदामांकडे वळणाऱ्या ट्रकांना द्यायची आणि फुटपाथ रुंद करून चालणारे आणि सायकलवाले यांची एकच 'सामायिक वाट' करायची.

मी अलास्टरला फोन लावला. म्हटलं, "घटतील कशा? मंडळ तर वाढलंय आपलं."

तो हळूच म्हणाला, "ग्लेंडा, त्या दिवशी सकाळी आपण सगळे कुठे होतो?"

"कुठे म्हणजे? कोपऱ्यावर उभे होतो, मोजत."

"आणि आपल्या सायकली?"

फोन कानाला तसाच धरून मी खुर्चीत बसले. माझी घरी परसात होती. त्याची शाळेच्या कुंपणाला. एकूण एक सायकलवाल्याला मी सायकलवरून उतरवून सायकली मोजायला उभं केलं होतं. आधीच्या वर्षांत पाच-सहाच जण यायचे तेच बरं होतं. एवढी अक्कल तीस जणांत एकालाही सुचू नये? केक खाताना सगळे हसत होते.

अलास्टरने कौन्सिलला खुलासा धाडला. उत्तर लगेच आलं. मोजणी तुमच्याच माणसांनी केली, आकडे तुमचेच आहेत, सहकार्याबद्दल आभार.

मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

१५ मे, गुरुवार

ग्रंथालयाच्या हॉलमध्ये सभा झाली. कौन्सिलचा इंजिनियर गुलाबी टाय लावून आला होता. पडद्यावर चित्र: रुंद वाट, फुगा घेतलेली मुलगी, हसणारा म्हातारा, हसणारा सायकलवाला. सगळ्यांचेच दात दिसत होते.

अलास्टर उठला. "आत्ता आम्ही रस्त्यावर असतो, तेव्हा गल्लीत वळणारी गाडी आमच्यासाठी थांबते. वाटेवर गेलो की?"

"प्रत्येक गल्लीपाशी तुम्ही थांबायचं."

"आणि घराघरांतून उलट्या निघणाऱ्या गाड्या?"

"त्या हळूच निघतात."

डोंबल हळू निघतात! मी उभी राहिले. "मी कामाला जाते, हवा खायला नाही. माझा वेग आणि कुत्रं फिरवणाऱ्या बाईचा वेग एका वाटेवर कसा मावणार?"

"ज्याने त्याने समजून घ्यायचं, मॅडम. घंटी वाजवायची."

यावर मागून टाळ्या आल्या. वळून पाहते तर पाऊलिनाबाई! पाऊलिना बुहाजार माझ्याच रस्त्यावर आठ घरं सोडून राहतात. वय एक्याऐंशी. माल्टाहून लहानपणी बोटीने आल्या, पण रागावल्या की अजून तिकडच्याच भाषेत रागावतात. त्यांचा एक पांढरा कुत्रा आहे, मिस्टर नावाचा, आणि उजाडायच्या आत दोघं फिरायला निघतात. ग्रॅहम, माझा नवरा, गेला तेव्हा महिनाभर मला जेवण याच बाईने पोचवलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पाऊलिनाबाई, टाळ्या कसल्या वाजवता? माझ्या पोटावर पाय आणताहेत ते."

"अगं पोरी, तुला पट्टी होती. मला काय होतं? दहा वर्षं त्या फुटपाथवर झाडांच्या मुळांना ठेचकाळतेय मी. आता सपाट वाट होईल, बाकही देणार म्हणतात. मी टाळ्या वाजवू नको?"

त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

१७ मे, शनिवार

आज पाऊलिनाबाईंनी दर शनिवारसारख्या पास्तीत्सी पाठवल्या, माल्टाच्या चीज भरलेल्या करंज्या, गरम. खाल्ल्या मी. राग होताच, पण खाल्ल्या.

१७ जून, मंगळवार

आज यंत्र लावून हिरवा रंग खरवडला. परत येताना रस्त्याच्या कडेला हिरवा भुगा पडलेला होता आणि तो माझ्या चाकांना लागला. घरी येऊन रडले. लपवायचं काय त्यात, रडले.

८ जुलै, मंगळवार

वाट उघडून दोन दिवस झाले. जीव मेटाकुटीला आला.

जुलै म्हणजे आमचा भर हिवाळा. अंधार, गारठा, वर दव. एक गल्ली आली की थांबा, पाय टेका, दोन्हीकडे बघा, पुन्हा निघा. चार पायडल मारले की पुढची गल्ली. एका घरातून गाडी उलटी बाहेर आली ती थेट माझ्या पुढ्यात. "दिसत नाही का?" म्हणून तो मलाच ओरडला. पुढे एक बाई कानात गाण्याची बोंडं घालून वाटेच्या मधोमध. मी घंटी वाजवली, तिने ऐकली नाही. जोरात वाजवली तर दचकून नेमकी माझ्यासमोर उडी मारली. एका गृहस्थाचा कुत्रा वाटेच्या या टोकाला, गृहस्थ त्या टोकाला, मध्ये ताणलेली दोरी. मी घसरता घसरता वाचले, आणि तो म्हणतो, "जरा दमाने, आजी."

हल्ली माणसं डावीकडून एकदम उगवतात. आधी कुणी नसतं आणि मग हाताला लागेल एवढं जवळ. अंधारात गडद कपडे घालून फिरणाऱ्यांना काय म्हणावं!

कामावर उशीर झाला. ल्यूपे माझी मुकादम आहे, सामोआची, अंगाने आणि मनानेही मोठी. म्हणाली, "अगं, धापा टाकतेयस तू. बस, चहा घे. पण नाश्ता थांबणार नाही हां, बाई."

डाव्या खांद्यावर एक निळा डाग आहे. कोठीघराचं दार अर्धवट उघडं ठेवतात मेले.

२४ जुलै, गुरुवार

आज कचऱ्याचा दिवस. सगळ्यांचे डबे वाटेवर ओळीने उभे. पूर्वी फुटपाथवरच असायचे, पण तेव्हा मी रस्त्यावर होते. डबे चुकवत सापासारखी नागमोडी जात होते. एका ठिकाणी हँडल डाव्या अंगाला कशाला तरी घासलं, डबाच तो. मागे धडपड झाली. उशीर झाला होता. मी हात वर करून मोठ्याने "सॉरी!" म्हटलं आणि निघाले. म्हटलं, आता डब्यांचीही माफी मागायची वेळ आली. कुठला तरी कुत्रा भुंकत सुटला होता.

कामावर ल्यूपेला सांगितलं तर ती पोट धरून हसली.

२६ जुलै, शनिवार

पास्तीत्सी आल्या नाहीत, म्हणून मीच गेले. दार त्यांच्या लेकीने, रीटाने उघडलं. पाऊलिनाबाई खुर्चीत, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"अहो, हे काय?"

"काही नाही गं. ओल्या पानांवरून पाय घसरला. डबा बाहेर ठेवत होते."

"कधी?"

"परवा."

रीटा म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं, डबा मी येऊन ठेवते. ऐकेल तर शपथ."

मी तिथेच सुरू झाले. म्हटलं, बघा, आता पटलं ना? वाट केली, पण वाटेवर दिवा नाही, पानं झाडायला माणूस नाही. टाळ्या वाजवत होतात! तुम्ही तक्रार करा. इजा झाल्याची रीतसर तक्रार आली की कौन्सिलला हलावंच लागेल. मी अलास्टरला सांगते, तो सगळं लिहून देईल.

"नको."

"नको काय? हात मोडलाय तुमचा!"

"हात माझा आहे ना? मग नको म्हणजे नको," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मग माल्टीत रीटाला काहीतरी म्हणाल्या आणि ती चहा करायला आत गेली. मला म्हणाल्या, "तू कामाला नीट जातेस ना?"

"जाते की. कसरत करत."

"हळू जात जा, पोरी."

स्वतःचा हात मोडलाय आणि उपदेश मला! म्हातारपणी माणसं हट्टी होतात, दुसरं काय.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल ठरवलं, खड्ड्यात गेली ती वाट, मी रस्त्यावरूनच जाणार. कायद्याने मला कोण अडवतं? पण पट्टी नाही, तर रस्त्यावर माझी जागाच उरलेली नाही. मागून ट्रक आला तो इतका जवळून, की त्याच्या वाऱ्याने मी कडेला ढकलले गेले. पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरने काच खाली केली. "ए म्हातारे, तुला सोन्यासारखी वाट बांधून दिली ना? इथे काय मरायला येतेस?"

मी म्हटलं, "त्या वाटेवर तुझ्या बापाने सायकल चालवून बघितलीय का?" तो हसून निघून गेला. मी मात्र उरलेलं अंतर सायकल हातात धरून चालत गेले.

आज पुन्हा वाटेवर. रस्त्यावर मी मरेन, वाटेवर कुणाला तरी मारेन. यापेक्षा तिसरं काही कौन्सिलने ठेवलेलंच नाही.

घाईत कामात चुका होतात. ल्यूपेने तीन ट्रे परत आणले, तिन्हींवर दोन-दोन काटे. "ग्लेंडा, पेशंटला काय दोन्ही हातांनी भरवायचंय?" काटा डावीकडे ठेवायचा असतो. मी ठेवला होता, दिसला नाही म्हणून पुन्हा ठेवला. घाई, दुसरं काय. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात होती, ती पुढे ढकलली. या धबडग्यात कोण जातंय?

९ सप्टेंबर, मंगळवार

मॅगपायचा मोसम सुरू झाला. हे पक्षी वसंतात पिल्लांपायी पिसाळतात आणि सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात. वाट नेमकी त्यांच्याच निलगिरींखालून नेलीय. हेल्मेटवर प्लॅस्टिकचे काटे खोचलेत. अलास्टर म्हणाला, "साळिंदर दिसताय."

"तूही काही राजपुत्र दिसत नाहीस," मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी हसलो दोघं.

पाऊलिनाबाईंचं प्लास्टर निघालं. रोज पहाटे त्या फाटकाच्या आत उभ्या असतात, मिस्टरला छातीशी धरून. माझी घंटी ऐकली की हात हलवतात. मी जाईपर्यंत बाहेर पाऊल टाकत नाहीत. बरं वाटलं. कुणाला तरी कळलं म्हणायचं, की कामाला जाणाऱ्याला वाट मोकळी लागते. बाकीच्यांनी यांच्याकडून शिकावं. मीही हात हलवते आणि सुसाट निघते.

त्यांच्यासाठी टाकलेल्या बाकावर मात्र त्या एकदाही बसलेल्या दिसल्या नाहीत. एवढ्या टाळ्या वाजवल्या होत्या त्यासाठी!

९ ऑक्टोबर, गुरुवार

येत्या एकवीस तारखेला कौन्सिल वाटेचा आढावा घेणार. वाट यशस्वी ठरली तर रेल्वे स्ट्रीटवरचीही पट्टी काढणार. मंडळातले निम्मे लोक तिथून जातात, अलास्टर तर दोन पोरांना मागेपुढे बसवून.

तो म्हणतो, आपलं रडगाणं नको, एक तरी खरा अपघात हवा, पुराव्यासकट. कुणी पडलं की कपडे झटकून घरी जातं, नोंद कुठेच नाही. मी त्याला पाऊलिनाबाईंचा हात सांगितला. त्या आपणहून बोलणार नाहीत, पण त्यांच्या शेजारच्या जोडप्याच्या दारावर कॅमेऱ्याची घंटी आहे. त्यात वाट दिसते. ओली पानं, अंधार, म्हातारी बाई पडतेय, एवढं पडद्यावर दाखवलं की गुलाबी टायची बोलती बंद.

पाऊलिनाबाईंना न विचारता करतेय हे मला कळतं. पण त्यांच्याही भल्याचंच आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज अलास्टर चित्रण घेऊन घरी आला. त्या जोडप्याच्या घरात तान्हं बाळ, त्यांना बघायला वेळ कुठे? त्या सकाळचं सगळं काढून त्यांनी तसंच देऊन टाकलं. अलास्टरनेही पाहिलं नव्हतं. मी चहा ठेवला, बिस्किटं काढली. खुशीत होते.

पाऊलिनाबाई करड्या झग्यात डबा ओढत येतात. डबा ठेवतात. एक हात डब्याच्या मुठीवर, मिस्टर पायाशी. मागून उजेड येतो, सायकलचा दिवा. सायकल सरळ येते. जरासुद्धा वळत नाही, हळू होत नाही, जणू पुढे कुणी नाहीच. हँडल त्यांच्या हाताला लागतं. त्या गर्रकन फिरून पडतात, डबा कलंडतो. सायकलवरची बाई मागे न बघता हात वर करते, मजेत, आणि निघून जाते.

हेल्मेट माझं. जाकीट माझं. हातही माझाच.

पुढचंही पाहिलं. त्या बऱ्याच वेळाने उठून बसतात. मी गेले त्या दिशेला बघतात. मग डाव्या हाताने डबा सरळ करतात, आत जातात.

अलास्टरने संगणक मिटला. "ग्लेंडा, तुम्हाला त्या दिसल्या नाहीत?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही रे, बाबा. नाही."

चहा तसाच राहिला. जाताना तो म्हणाला, "हे आपण पाहिलंच नाही. ऐका माझं. तुम्ही पट्टीत असता तर हे झालंच नसतं. वाटच वाईट आहे."

खरं आहे ते. पट्टीत असते तर त्या माझ्या डावीकडे आल्याच नसत्या. आणि हेही खरं, की वाटेवर मला एक अख्खं माणूस दिसलं नाही. दोन्ही खरं आहे, आणि मला दोन्ही नकोसं झालंय. त्या फाटकात उभ्या राहायच्या ते मला वाट द्यायला नव्हे. मला घाबरून उभ्या राहायच्या. आणि मी शाबासकी देत होते.

२० ऑक्टोबर, सोमवार

कामावर गेले नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, टॅक्सीने. डावीकडचं जवळजवळ सगळं गेलंय, म्हणाले. "कामाला कशा जाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता जाणार नाही."

ल्यूपेला फोन करून सांगितलं. दुपारची पाळी मिळेल का, म्हणून विचारलं. ती रडायलाच लागली. "अगं, दुपारच्या पाळीला जागा असती तर मी तुला डोक्यावर घेऊन आले असते." जागा नाही. तिला माझ्याइतकंच ते माहीत होतं. टॅक्सीत पगार जाईल, मग कामाला जायचं कशाला? दिला राजीनामा.

केरिनला सांगितलं. तिने एकदाही "मी म्हटलं नव्हतं का?" असं म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रविवारी गाडी घेऊन येतेय.

पाऊलिनाबाईंकडे जायला पाय धजावला नाही. रीटा भेटली, म्हणाली, आज पहाटे घंटी ऐकू आली नाही, आईने विचारलंय ग्लेंडाला ताप आहे का. मी हो म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सभेला गेले. पाऊलिनाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. "बरी आहेस?" म्हणाल्या. मी मान हलवली.

इंजिनियर आज निळा टाय लावून आला होता. त्याने सांगितलं, वाट उघडल्यापासून एकही इजा नोंदली गेलेली नाही. एकही नाही, असं त्याने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी विचारलं, मंडळाला काही म्हणायचंय? अलास्टर उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं. मग गल्ल्यांपाशी थांबावं लागतं, पक्षी फार आहेत, पानं झाडली जात नाहीत, असं काहीबाही बोलला. पक्ष्यांवर लोक हसले.

मी उठले. अर्धी उठले. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच आले होते. म्हणायचं होतं, इजा झालीय, मी केलीय, ही बघा इथे बसलीय. तेवढ्यात माझी बाही कुणीतरी खाली ओढली. पाऊलिनाबाईंनी उजव्या हाताने धरली होती. त्या हातात अजून जोर आलेला नाही.

"बस खाली," त्या पुटपुटल्या. "नोकरी घालवशील."

आणि मी बसले. का बसले? कितीदा विचारतेय स्वतःला. इतक्या लोकांसमोर बोलायची लाज वाटली. आणि त्या हाताला झटकून उभं राहणं मला जमलं नाही. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही सापडत नाही.

रेल्वे स्ट्रीटची पट्टी काढायचं ठरलं. कुणी विरोध केला नाही. अलास्टर मला न भेटताच गेला.

आम्ही दोघी त्याच वाटेने परत निघालो. त्यांच्या फाटकापाशी आल्यावर मी म्हटलं, "पाऊलिनाबाई, मी पाहिलंय ते. शेजारच्यांच्या कॅमेऱ्यात. मी तुम्हाला..."

"माहितीय मला तू काय केलंस. मी होते तिथे. तू सभेत उठलीस तेव्हाच समजले, तुलाही कळलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझी सायकल गेली असती. हात काय, जुळून येतो."

"सायकल सोडली मी," मी म्हटलं. "नोकरीचा राजीनामा दिला, काल. रविवारी केरिन न्यायला येतेय."

त्या एक पाऊल पुढे आल्या. मला वाटलं, आता जवळ घेतील. माफीचे शब्द मी चार दिवस जुळवत होते, ते ओठांवर आणले.

"मूर्ख बाई," त्या म्हणाल्या. "रीटाशी खोटं बोलले मी. डॉक्टरशी बोलले. चर्चमध्ये पाद्रीबाबांशी खोटं बोलले, या वयात. तीन महिने पहाटे फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही, तू नीट जावीस म्हणून. आणि आत्ता तिथे तोंड शिवून बसले, ते त्या दुसऱ्या रस्त्याचं वाटोळं होताना बघत. कुणासाठी केलं मी हे सगळं?"

"मला माफ करा."

"माफी घेऊन मी काय करू? मला तू इथे हवी होतीस."

त्या आत गेल्या. फाटकाची कडी त्यांना उजव्या हाताने लागेना, म्हणून डाव्या हाताने लावली.